लाल देठांची भाजी

भाजीतलं मला कळतं! हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगत आलोय. त्यामुळे नव्या भाड्याच्या घरामागे सुपाएवढ्या पानांची, लालभडक देठांची कसलीशी पालेभाजी माजलेली दिसली, तेव्हा मी मुळीच बिचकलो नाही. शेजारच्या बागेतल्या माळीकाकांना विचारलं.

"खायचीच आहे हो. नाव विसरलो, पण आधीचे भाडेकरू रोज खायचे."

"मग ते आता कुठे असतात?" बायकोने विचारलं.

"गेले."

"गेले?"

"दुसऱ्या घरी हो, वहिनी!"

झालं! रविवारी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पानं चिरली, देठं चिरली, कांदा-लसणावर सगळं परतलं. कढई इतकी भरली की झाकण टोपीसारखं वरच बसलं. आमच्याकडे माझे सासरे राहतात, निवृत्त पोस्टमास्तर. अकरा वर्षांत त्यांनी माझं कौतुक केल्याची कुठेही नोंद नाही. पण त्यांनीसुद्धा भाजी तीनदा वाढून घेतली! ताट तर असं पुसलं की घासायची गरज उरली नाही.

सोमवारी सकाळी उठलो, बाथरूममध्ये गेलो, सहज खाली बघितलं. लाल! लघवी चक्क लाल! सरबताच्या बाटलीवर असतो ना, तस्सा रंग!

मी भिंतीला धरून उभा राहिलो. वय वर्षं बेचाळीस. अजून स्कूटरसुद्धा नीट चालवता येत नव्हती, आणि एवढ्यात हे! घरात सांगायचं नाही, असं ठरवलं. सासऱ्यांना रक्तदाब, बायको हळवी. गुपचूप डॉक्टर गाठायचा.

तोंड धुऊन बाहेर आलो. बायकोने चहा दिला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"तुम्ही किती चांगले आहात हो," ती म्हणाली. आवाज ओला!

मी कप खाली ठेवला. हिला कळलं कसं?

"स्वेटर वरच्या पेटीत आहेत हं. बघून ठेवा."

आता मला कशाला स्वेटर, असं मनात म्हटलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात सासऱ्यांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. न वाचता! अकरा वर्षांत पहिल्यांदा!

"माझ्या मुलीला तुम्ही सुखात ठेवलंत, जावईबापू," ते घसा खाकरत म्हणाले. "बोलायचं राहून जायला नको."

ठेवलंत! भूतकाळ! मी काय ते समजलो. अख्ख्या घराला माहीत होतं, शेवटी कळलं ते मलाच.

ऑफिसात दात दुखतोय असं कळवलं आणि अर्ध्या तासात कोपऱ्यावरचा दवाखाना गाठला. हातात खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली, तिच्यावर लाज झाकायला माझा पायमोजा. आत बाकावर एक गृहस्थ मासिक उलटं धरून वाचत होते. मासिक खाली आलं. सासरे! मांडीवर कागदात गुंडाळलेली बाटली.

"तुम्ही इथे?" मी विचारलं.

"रक्तदाब. तुम्ही?"

"दात."

"हा दातांचा दवाखाना नाही."

यावर मला काही सुचणार, तोच आतलं दार उघडलं आणि बायको बाहेर आली. डोळे सुजलेले, हातात बाटली! तिच्यामागे डॉक्टरीणबाई. त्यांनी बाटल्या मोजल्या. मग आम्हाला मोजलं.

"एकाच घरातले?"

आम्ही माना हलवल्या.

"काल जेवायला काय होतं?"

"एक भाजी," मी म्हणालो. "मीच केली होती. लाल देठांची."

बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि गळ्यातला स्टेथोस्कोप हिंदकळेपर्यंत हसल्या! मग डोळे पुसून त्यांनी तिन्ही बाटल्यांत एकेक पट्टी बुडवली, उजेडात धरली.

"रक्ताचा थेंबही नाही. अहो, ती भाजी बिटाची चुलत बहीण! काहीजणांच्या लघवीत तिचा रंग उतरतो. पाणी प्या भरपूर आणि घरी जा."

"म्हणजे मी मरत नाहीये?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं!

मग आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे बाबा, तुम्हीसुद्धा?" बायकोने विचारलं.

"तू पण?"

"आणि मला वाटलं, माझंच तुम्हाला कळलंय!" मी म्हणालो.

बायको रडता रडता हसायला लागली, हसता हसता पुन्हा रडायला लागली. मला तर त्या दवाखान्याच्या फिनेलचा वाससुद्धा अत्तरासारखा वाटला! भर रस्त्यातून आम्ही तिघे खिदळत निघालो. लोक वळून बघत होते, बघू देत!

फाटकाशी सासरे थांबले. "सकाळी मी जे बोललो..."

"असू दे, बाबा," मी म्हणालो. "भीतीपोटी बोलतो माणूस."

"खरंच होतं ते," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "फक्त पुन्हा बोलायला लावू नका."

ती भाजी आमच्याकडे अजून होते, दर आठवड्याला. डॉक्टरीणबाईंवर माझा संपूर्ण विश्वास आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूमचा दिवा लावत नाही, एवढंच!