बेल्जियम वगळून युरोप

युरोपला जाऊन आलेला माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये आता तोंड उघडत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे रेड्डी उन्हाळ्यात दुसऱ्यांदा स्वित्झर्लंडला जाऊन आले, तर खाली वॉचमनला सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर विजयवाड्याला लग्नाला गेले होते म्हण. रेड्डींना खोटं बोलायची हौस नाही. पण आमच्या मजल्यावर, अगदी समोरच्या दारात, उमरीकर वकील राहतात. त्यांना कळलं तर ते संध्याकाळी घरी येऊन जिरह करतील, ही त्या बिचाऱ्याला धास्ती.

जिरह म्हणजे उलटतपासणी. अंबादासराव उमरीकरांचा सगळा जन्म हैदराबादच्या कोर्टांत गेला. मराठी घरात बोलतात, पण भांडण उर्दूतच रंगतं असं त्यांचं मत. काळा कोट उतरवून बरीच वर्षं झाली, तरी तोंडातली वकिली काही उतरत नाही. भाजीवाल्याला विचारतील, 'भेंडी आज सकाळची आहे हे तू कशाच्या आधारावर म्हणतोस?' चिक्कडपल्लीच्या बाजारात त्यांना बघून दोन भाजीवाले पाठ फिरवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर गेल्या दिवाळीत फराळाला आले आणि चकली मोडत म्हणाले, "वैनी, मी अन् कुमुद युरोप करणार. फ्रान्स, जर्मनी, हॉलंड, स्वित्झर्लंड. टूर कंपनी नक्को. तिथं राहणारा माणूस जे सांगेल तेच मी मानणार. आपल्याला चश्मदीद गवाह पाहिजे. ऐकीव माल चालणार नाही."

त्या दिवसापासून आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटणं सुरू झालं.

पहिला बळी रेड्डी. माघी गणपतीच्या आरतीनंतर ते सहज म्हणाले, झुरिकमध्ये रस्त्यावरच्या कारंज्याचं पाणी पिता येतं. वकीलसाहेब तिथंच पुढे सरकले. कुठलं कारंजं? कुठल्या रस्त्यावर? आपण स्वतः प्यायलात? रेड्डी म्हणाले, मी नाही, मिसेस प्यायली. "मग मिसेसना बोलवा." मिसेस रेड्डी हातात प्रसादाची वाटी घेऊन आल्या आणि घाबरून खरं बोलून गेल्या, की त्यांनी बाटली विकत घेतली होती. चारचौघांत रेड्डींचं तोंड एवढंसं झालं. बाई आठवडाभर नवऱ्याशी बोलत नव्हत्या म्हणतात, आणि वकीलसाहेब मात्र जिन्यावरून शीळ घालत वर गेले.

नामपल्लीच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे गेले. त्यानं रंगीत कागद पुढे ठेवले. यांनी विचारलं, "तू खुद गया क्या?" तो म्हणाला, "मैं नै गया साब, मगर पब्लिक जाती ना." "तो पब्लिक को बुला," म्हणाले आणि कागद परत देऊन उठले. अफझलगंजच्या लायब्ररीत जाऊन प्रवासाची पुस्तकं चाळली, तीही नापास. लिहिणारा उलटतपासणीला हजर नाही, हा त्याचा दोष!

चारमिनारला तर कहरच केला. एक गोरं जोडपं फोटो काढत उभं होतं. हॉलंडचे आहोत म्हणताच यांनी त्यांना हाताला धरून इराणी हॉटेलात नेलं, चहा पाजला, बिस्किटं खिलवली आणि ॲमस्टरडॅममध्ये ज्येष्ठ नागरिकानं रस्ता कसा ओलांडावा यावर तासभर छळलं. शेवटी तो गोरा म्हणाला, आम्ही ॲमस्टरडॅमचे नाही, दूरच्या एका खेड्यातले आहोत. वकीलसाहेब ताडकन उठले. घरी येऊन मला म्हणतात, "गवाह लोकल नव्हता, वैनी. सगळी दुपार वाया." त्या माणसांची दुपार कुठं गेली, हे यांच्या मनातही आलं नाही.

हे सगळं ऐकून लोक हसतात. मला हसू येत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्याचं कारण कुमुदताई.

उमरीकरांना एकच मुलगा, प्रसाद. तो आपल्यामागे कोर्टात उभा राहील म्हणून हे वाट बघत बसले आणि तो नोकरीला ब्रसेल्सला गेला. तिथं त्यानं घर घेतलं आणि आईवडिलांना बोलवायला फोन केला. वकीलसाहेब भडकले आणि म्हणाले, "तुझ्या घराच्या दारात मी पाऊल टाकणार नाही." तोही यांचाच मुलगा. "नका टाकू," म्हणाला. झालं! तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. मागच्या वर्षी प्रसादला मुलगी झाली. कुमुदताईंनी नवऱ्याला सांगितलं, तर यांनी पेपरचं पान उलटलं आणि विचारलं, चहा झाला का.

कुमुदताई कढीपत्ता मागायच्या निमित्तानं माझ्या स्वयंपाकघरात येतात. डाळीच्या डब्याला फोन टेकवून ठेवतात आणि पडद्यावरच्या नातीशी बोबडं बोलत बसतात. ती पोर दात नसलेलं हसते. फोन बंद झाला की या पदरानं पडदा पुसतात, कढीपत्ता तसाच विसरतात आणि जातात. एकदा मला म्हणाल्या, "तिच्या डोक्याचा वास कसा असेल हो?" मी पोळी लाटत राहिले.

आणि आता नकाशा बघा. पॅरिसहून जर्मनीत कोलोनला निघालात की मधे ब्रसेल्स. ॲमस्टरडॅमहून पॅरिसला परत निघालात तरी मधे ब्रसेल्स. त्या बाईचा जीव तिथं अडकलाय, आणि हा माणूस तिला त्या गावाच्या भोवती प्रदक्षिणा घालायला नेणार! मी एकदा न राहवून विचारलं, "बेल्जियम का नाही हो?" तर म्हणाले, "नक्को. तिथं बघण्यासारखं काय आहे?" कुमुदताई शेजारीच शेंगा सोलत होत्या. मान वर केली नाही त्यांनी. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथं लिहिता येणार नाही.

यांचा खरा लोकल गवाह म्हणजे माझी मुलगी अनघा. ती कोलोनला राहते, त्यामुळे तिची सुटका नाही. ती ऑफिसात मीटिंगमध्ये असली तरी यांचा फोन. कोलोनच्या चर्चच्या पायऱ्या गुडघ्याला झेपतील का? तिथं ताक मिळतं का? हे ती सहन करायची. पण गाड्यांचा विषय निघाला आणि तिनंही हात टेकले. "आई, मी त्यांना पॅरिसहून कोलोनची डायरेक्ट गाडी काढून दिली. म्हणतात डायरेक्ट नको. सत्तरी उलटलेली माणसं, बॅगा घेऊन गाडी कशाला बदलतात? तू समजाव त्यांना, मला आता ओरडावंसं वाटतंय."

मी म्हटलं, रविवारी व्हिडिओ कॉल कर, मी त्यांना समोर बसवते. सोक्षमोक्षच लावू.

रविवारी दोघं आले. कुमुदताई दिवाणाच्या कडेला टेकल्या. वकीलसाहेब फोनसमोर ताठ बसले, जसे काही न्यायमूर्ती.

"अनघा, पॅरिस ते कोलोन. मधे बदलायची गाडी सांग."

"काका, बदलायची म्हटली तर ब्रसेल्सला बदलावी लागेल."

"लागत असेल तर लागू दे," ते म्हणाले. आवाज असा, की जणू कुणी बळजबरी करतंय. "त्या स्टेशनवर तू उतरलीयेस?"

"कितीतरी वेळा."

"स्वतः?"

"काका!"

"बरं. तिथं बिनतिकिटाच्या माणसाला प्लॅटफॉर्मवर येऊ देतात?"

"येतात की. कुणी अडवत नाही."

"पुढची गाडी लगेच नक्को. दोन गाड्या सोडून तिसरी धरली तर? तोवर बसायला बाक आहे? पाठ टेकता येते?"

"येते. खाली हॉलही आहे, तिथं थंडी लागत नाही."

"खालून वर यायला नुसते जिने, की लिफ्ट?"

"लिफ्ट आहे."

"चालू असते?" त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "बाबागाडी मावते तीत?"

कुमुदताईंनी मान वर केली आणि त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"मावते, काका," अनघा हळूच म्हणाली.

अशा वेळी माणूस विरघळतो म्हणे. मी नाही विरघळले. माझा तर भडकाच उडाला. दिवाळीपासून हा माणूस आम्हा सगळ्यांना नाचवतोय, त्या रेड्डींना रडवतोय, आणि कशासाठी? मी म्हटलं, "अहो वकीलसाहेब, मग सरळ मुलाच्या घरी जा ना! चार देश कशाला पालथे घालताय? नात तुमची, मुलगा तुमचा, आणि भेटणार कुठं, तर लिफ्टपाशी?"

"वैनी, मी बोललेलो आहे. दारात पाऊल टाकणार नाही." मान खाली होती, पण मुद्दा सोडवेना. "रेल्वे स्टेशन हे कुणाच्या घराचं दार ठरत नाही."

"आणि हे प्रसादला कळवलंत?"

जन्मभर दुसऱ्यांची उत्तरं उपटून काढणारा माणूस माझ्या दिवाणखान्यात चादरीची सुरकुती सरळ करत बसला.

"बोला ना आता! तो आलाच नाही तर?"

"तर..." ते म्हणाले, "तर आम्ही गाडी बदलायला उतरलो होतो, एवढंच होईल. त्यात कुणाचा अपमान नाही. त्याचाही नाही, माझाही नाही. कुमुदलाही तसंच सांगता आलं असतं."

राग होताच, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

अनघाच पुढे झाली. "काका, मी कळवते त्याला. आज संध्याकाळीच बोलते. नंबर द्या."

कुमुदताई घाईघाईनं पिशवीत फोन शोधायला लागल्या. पिशवीतून किल्ल्या निघाल्या, चष्म्याची डबी निघाली, फोन काही सापडेना. तोवर वकीलसाहेबांनी नंबर सांगायला सुरुवात केली होती. परदेशाच्या कोडपासून शेवटच्या आकड्यापर्यंत, कुठंही न अडखळता. मग अनघानं लिहून घ्यावं म्हणून पुन्हा एकदा, सावकाश.

कुमुदताईंचा हात पिशवीतच राहिला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला नाही हो तो पाठ."