एका ताटापुरता खार

पेणच्या पुतळीची लेक मैना, मैनेची लेक सगुणा आणि सगुणेची लेक शकू. पहिल्या तिघींनी पोह्यांचे पापड लाटण्यात हयात घालवली. चौथी रसायनशास्त्रात डॉक्टर झाली आणि रोह्याच्या एका कारखान्यात भाताच्या पेंढ्यातून साखर काढून त्या साखरेचे रसायन करू लागली. गाईने तोंड फिरवलेल्या पेंढ्यातूनही आपली लेक प्लास्टिकचा कच्चा माल काढते, हे सगुणा बाजारात ओळखीच्यांना सांगे आणि अनोळखींनाही.

मात्र दोन वर्षे ती साखर भांड्यात शिजता शिजता डांबरासारखी काळी पडत होती. सोमवारी शेवटची चाचणी होती. ती फसली तर हे काम बंद आणि शकूची बदली थेट गुजरातेत, असे कारखान्याचे प्रमुख हैबतराव यांनी बजावले होते.

शनिवार-रविवार कारखान्याची वीज बंद राहणार होती. म्हणून शकूने उत्प्रेरकाचे धुतलेले पांढरे दाणे घरी आणून गच्चीवर दोन ताटांत वाळत घातले.

"आये, यांना हात लावू नको. हे दाणे सोता बदलत नाहीत, साखरेला बदलतात."

"म्हंजे तुझ्या आजीवानी," सगुणा म्हणाली. "ती कधी बदलली नाय, आमाला मात्र बदलून ठेवलान."

एप्रिलच्या उन्हात जे काही आपल्या गच्चीवर पडेल त्याची जबाबदारी आपली, हा सगुणेचा कायदा होता. रविवारी दुपारी पापड उलटता उलटता तिने एक दाणा चमच्याने उचलून जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकून टाकला. दाणा चांगलाच आंबट होता. पोरीचे वाळवण आंबले, आणि उद्या हैबतरावांपुढे तिची शोभा होणार. आंबलेल्या वाळवणावर पेणच्या बाईला एकच उपाय सुचतो. तिने पापडखाराचे पाणी केले. हात लावू नको, ही लेकीची आज्ञा मात्र तिने काटेकोरपणे पाळली. सर्व काम कलथ्याने झाले.

एक ताट धुऊन झाले आणि खार संपला. रविवारी दुकान बंद. तेव्हा दुसरे ताट तसेच ठेवून तिने संध्याकाळपर्यंत सारे कडकडीत वाळवले. दोन अर्धे डबे नेणे गरिबीचे दिसते, म्हणून दोन्ही ताटे एकाच डब्यात नीट कालवून भरली. शकूला सकाळी डबा हाती मिळाला.

सोमवारी दहा वाजता सगुणेने फोन केला.

"गो शकू, आंबटपणा उतरला ना?"

"कसला आंबटपणा?"

"तुझ्या दाण्यांचा. मी खारात धुतले."

यंत्रांच्या घरघरीत शकूचा आवाज एकदम खाली आला.

"आये, तो आंबटपणाच काम करतो. किती खार घातलास?"

"मूठभर. पन अर्ध्यालाच. खार संपला."

"मग ते अर्धे कुठं हायत?"

"उरल्या अर्ध्यात."

"दाणे भांड्यात गेले, भांडं तापलंय आये. हैबतराव शेजारी उभे हायत," शकू हळूच म्हणाली आणि फोन ठेवला.

सगुणेने नवे लुगडे नेसून गाडी पकडली. चूक आपली, बदली पोरीची, हे तिला मान्य नव्हते. निडी स्टेशन येईपर्यंत तिने माफीची चार वाक्ये जुळवली. रोह्याला उतरेपर्यंत त्यांतली दोन हैबतरावांना दम देणारी झाली होती.

प्रयोगशाळेत हैबतराव काचेचा पेला उजेडात धरून उभे होते. पेल्यात मधाच्या रंगाचे, स्वच्छ, आरपार दिसणारे द्रव्य होते.

"सायेब, खार मी घातला. पोरीला गुजरातेत धाडायचं नाय. धाडायचं तर मला धाडा."

"बाई, तुम्हाला कुठंच धाडत नाही," हैबतराव म्हणाले. "शकू, यांना समजावून सांग. मलाही पुन्हा एकदा सांग."

"खारातले दाणे साखरेची ठेवण बदलतात," शकू म्हणाली. "आंबट दाणे मग तिच्यातलं पानी काढून घेतात. पहिलं काम झालं नाय, की दुसरं बिघडतं आन काळं डांबर होतं. आंबट आन खार पाण्यात विरघळून एकत्र आले असते तर एकमेकांना संपवून बसले असते. हे दाणे विरघळत नाहीत. एकाच भांड्यात जो तो आपल्या जागी."

"दोन जावा," सगुणा म्हणाली. "घर एक, चुली दोन."

हैबतरावांनी हे वाक्य आपल्या वहीत लिहून घेतले आणि बदलीचा कागद सर्वांसमक्ष फाडला.

परतीच्या गाडीत शकूचा आनंद मावत नव्हता. "आये, आज माग काय पायजे ते."

"चारशे पापड."

"कसले पापड?"

"तू आठवीत व्हतीस. गुर्जीनी काय शिकवलान कोन जाने, माझ्या तयार पिठात लिंबू पिळून बघितलंस. लिंबानं खार मारला. वडखळच्या लग्नाचे चारशे पापड, तळताना एक फुलला नाय. मी तळनाऱ्या मालूवयनीच्या हाताला नावं ठेवली, पन लिंबाच्या बिया मला तवाच गावल्या व्हत्या."

"आये, तू कधी बोलली नाहीस."

"तवा तुला लाटता येत नव्हतं."

पुढच्या रविवारी रसायनशास्त्रातल्या डॉक्टरबाई उजाडताच पोळपाट घेऊन बसल्या. तिन्हीसांजेला सगुणेने सगळे पापड उजेडाकडे धरून पाहिले, जाड म्हणून अकरा परत केले आणि ते अकरा पुन्हा लाटून झाल्यावरच लेकीच्या हातातले लाटणे काढून घेतले.