तिसऱ्या गाण्याचा सत्कार

कलावंताला प्रोत्साहन देणं हे सुसंस्कृत समाजाचं आद्य कर्तव्य आहे. त्याची कला ऐकणं हा त्यातला ऐच्छिक भाग असून तो आजवर कोणावर सक्तीचा केलेला नाही.

जबलपुरातल्या आमच्या मंडळाने (नाव देत नाही, आम्हाला प्रसिद्धीची हाव नाही) हे कर्तव्य नेहमीच चोख बजावलं आहे. अधारतालच्या गौरांगचंच घ्या. हा मुलगा संरक्षण कारखान्यात फिटर आहे आणि सुट्टी झाली की सॅक्सोफोन वाजवतो. तीन वर्षं खपून, भिंतींना रजया ठोकून, त्याने घरच्या घरी सोल, फंक आणि जॅझचा अल्बम काढला. (हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत, असं तो म्हणतो. आम्ही वाद घातला नाही.) सात गाणी, सगळी नुसत्या वाद्यांवर, एकूण छत्तीस मिनिटं.

लिंक मंडळाच्या ग्रुपवर पडताच पहिल्या चाळीस सेकंदांत एकोणीस अंगठे आणि अकरा पुष्पगुच्छ आले. भाऊरावांनी लिहिलं, "अप्रतिम! शब्दच नाहीत!" (शब्द खरोखरच नाहीत, तेव्हा हे मत अभ्यासपूर्ण धरावं लागतं.) दोन महिन्यांनी कार्यकारिणीने शाल-श्रीफळ मंजूर केलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी गौरांग माझ्याकडे आला. मी मंडळाचा कार्यवाह.

"काका, पूर्ण ऐकलं का तुम्ही?"

"अरे, ऐकलं ना! काहून विचारून राहिला?"

"तिसरं कसं वाटलं?"

"सगळीच छान. तिसरं तर काय, बढियाच!"

तो म्हणाला, "काका, बढती मिळून राहिली मले. पण पाळ्या अशा आहेत की वाजवणं बंदच होईल. मी ठरवलं आहे, आपल्या लोकांत पूर्ण ऐकलेला एक जरी माणूस निघाला, तर बढती नको."

"एक काय, दोनशे निघतील!" मी म्हटलं आणि पाठ थोपटली. पाठ थोपटण्यात आपलं काय जातं?

सत्कार शिस्तीत झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. नवव्या क्रमांकावर अल्बममधलं एक गाणं ऐकवायचं होतं, पण पोहे गार होऊन राहिले होते म्हणून ते गाळलं. मग राजश्रीताईंनी मानपत्र वाचलं. त्यात "विशेषतः तिसऱ्या गाण्यातली आर्त सुरावट थेट काळजाला भिडते" असं एक वाक्य होतं. (मसुदा माझाच.)

गौरांगने माइक घेतला.

"तिसरं गाणं चुकून चढलं आहे. ते गाणंच नाही. चार मिनिटं कूलरची घरघर आहे, मग आई ओरडते, 'गौरांग, दूध उतू जाऊन राहिलं, आंधळा झाला काय?' माझ्या कालच ध्यानात आलं. दोन महिने ते तसंच आहे. वाटलं, आज तरी कोणी सांगेल."

पहिल्या रांगेतून त्याच्या आई, शैलजाताई, अर्धवट उठल्या. अल्बम निघाला तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते त्यांनी.

"अगं बाई, हे मी केव्हा म्हटलं रे?"

म्हणजे त्यांनीही ऐकलं नव्हतं. गौरांगचा चेहरा उतरला. खरं सांगतो, मला फार लाज वाटली. पण लाज हा विषय कार्यक्रमपत्रिकेत नव्हता आणि तेवढ्यात भाऊरावांनी "वा, मातृप्रेम!" म्हणून टाळ्या सुरू केल्या. टाळ्या एक मिनिट दहा सेकंद चालल्या, म्हणजे अल्बमपेक्षा चौतीस मिनिटं पन्नास सेकंद कमी. शैलजाताई रडून राहिल्या होत्या. अहवालात आनंदाश्रू अशी नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी गौरांगने बढतीच्या कागदावर सही केली. सॅक्सोफोन महाराजपूरच्या एका बँडवाल्याला देऊन टाकला. तो वरातीत वाजतो आणि तिथे लोक निदान नाचतात तरी. बढतीबद्दल गौरांगचा पुन्हा सत्कार करावा, असा ठराव आम्ही एकमताने पास केला आहे. तो येत नाही म्हणतो. कलावंत जरा विक्षिप्त असतातच.

आता तुम्ही आम्हाला नावं ठेवून राहिले असाल. ठेवा. पण तुमच्याही नात्यातल्या कोणा पोरीने मागच्या महिन्यात एक लिंक पाठवली होती आणि तुम्ही तिच्याखाली ताबडतोब हात जोडले होते. हात किती जणांनी जोडले ते तुम्हालाही दिसतं. ऐकलं किती जणांनी, ते फक्त तिला दिसतं.