बाप्तिस्म्याच्या दिवशीची झिरो बियर

शुक्रवारी दुपारी सव्वादोन वाजता मी ठरवलं की जॉयलच्या बाप्तिस्म्याला फुगिया नुसत्या यीस्टच्या करायच्या नाहीत, बियर घालून करायच्या. एवढंच ठरवलं. तेवढ्यापायी रविवारी दुपारपर्यंत नवऱ्याचं लायसन्स, सासूची अब्रू आणि माझं नाव, तिन्ही इथे परदेशात, आमच्या वेरिबीच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर, उघड्यावर पडली.

फुगिया म्हणजे काय हे आमच्या वसईकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध यांचं सैल पीठ आंबवायचं, मुठीत घेऊन दाबायचं आणि अंगठ्याजवळून वर येणारा गोळा तापलेल्या तेलात सोडायचा. तो टम्म फुगतो. मग इंद्यालाच्या, म्हणजे पोर्कच्या आंबट-तिखट रश्शात बुडवून खायचा. पीठ आंबवायला गावाकडे ताडी असते. इथल्या बायका तिच्याऐवजी बियर घालतात. मी भीतीपोटी नुसतं यीस्ट घालायची. सासूबाई नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी वसईहून आल्या, त्यांनी माझी पहिली फुगी खाल्ली आणि म्हणाल्या, "छान झालाय गं पाव."

आता भीती कसली, ते.

जॉयल पोटात होता तेव्हा क्रेगीबर्नहून एका पार्टीतून परत येताना ल्यूकने गाडी विजेच्या खांबावर घातली. सातवा महिना होता मला. खांबाला काही झालं नाही (इथले खांब चांगले असतात), गाडीचं तोंड आत गेलं. मी गवतावर बसले होते, पोटावर दोन्ही हात ठेवून. पोलीस काय विचारत होते ते मला ऐकूच येत नव्हतं. आत पोर हलतंय का, तेवढंच मी ऐकत होते. खूप वेळाने ते हललं. तोवर ल्यूक रस्त्याच्या कडेला उभा राहून मशीनमध्ये फुंकत होता.

पुढे लायसन्स गेलं. परत मिळालं ते इंटरलॉक घेऊनच. हे मशीन गाडीत बसवतात. त्यात फुंकायचं. श्वासात दारू सापडली तर गाडी चालूच होत नाही, आणि वर छोटा कॅमेरा फुंकणाऱ्याचा फोटो काढून ठेवतो. शेवटचे काही महिने एकही चूक झाली नाही तर ते काढतात. ल्यूक लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीच्या व्हॅनमध्ये हे मशीन नव्हतं, म्हणून ती त्याला चालवता येत नव्हती, पण बॉसने त्याची जागा धरून ठेवली होती. इंटरलॉक त्याच महिन्याच्या शेवटी निघणार होतं. आणि मी त्याला एकदाच सांगितलं होतं: परत थेंब घेतलास तर मी जॉयलला घेऊन वसईला जाईन, मग चर्चमधल्या कुणालाही समजूत घालायला पाठवू नकोस.

त्याने सोडली. खरंच सोडली. फक्त हातात बाटली पाहिजे म्हणाला, म्हणून झिरो बियर आणायला लागला, अल्कोहोल नसलेली. लेबलवर मोठं शून्य. मी शाळेत सातवीपर्यंतच गेले, पण शून्य ओळखता येतं. तरी प्रत्येक बाटली मी उलटीसुलटी करून वाचायची. कारण झाकण उघडताना आवाज तोच येतो. तो फिस्स आवाज आला की मी काहीतरी निमित्त काढून त्याच्याजवळ जायची आणि वास घ्यायची. (लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्याला वाटायचं प्रेम आहे.) आणि झिरो असल्यामुळे वेळकाळ राहिला नाही. संध्याकाळी तर झालीच, पण सकाळी पोह्यांबरोबरसुद्धा. शेजारचा प्रज्ञेश एकदा सकाळी दूध मागायला आला, टेबलावर बाटली बघितली आणि दूध न घेताच गेला.

तर शुक्रवारी घरात बियर म्हणून होती ती एवढीच. मी म्हटलं, बियर ती बियर. पण हिच्यात जोर नाही, म्हणून दोन बाटल्या थोड्या रिकाम्या केल्या, प्रत्येकीत चार चमचे साखर आणि यीस्ट घातलं, हलवलं. टोपात काढून ठेवायचं असतं, पण माझे सगळे टोप इंद्यालाने अडवले होते. म्हणून बाटल्यांतच ठेवलं, झाकण वरच्यावर लावून, ओळखू यावं म्हणून गळ्याला लाल रबरबँड. बाहेर जूनची थंडी (इथे हिवाळा जूनमध्ये असतो). म्हणून लाँड्रीच्या कपाटात, गरम पाण्याच्या टाकीला चिकटून, टॉवेल गुंडाळून. बाळंतिणीची काळजी घेतात तशी मी त्या बाटल्यांची घेतली.

रविवारी सकाळी मी उठून एका बाटलीतलं पिठात ओतलं. फेस असा आला की सासूबाई पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. दुसरी बाटली राखून ठेवली, माणसं वाढली तर असावी म्हणून.

बाप्तिस्मा साडेअकराला. अकरा वाजता आम्ही गाडीत. जॉयल पांढऱ्या झग्यात, सासूबाई मागे, मी त्यांच्या शेजारी. ल्यूकने फुंकलं. लाल दिवा.

तो हसला. माउथवॉश असेल म्हणाला. घरात जाऊन पाण्याने चुळा भरून आला, थोडं थांबला, परत फुंकलं. परत लाल.

मला गवताचा वास आला, एवढंच. ड्राइव्हवेवर गवत नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, मशीन बिघडलंय, माझ्या मुलाने सकाळी माझ्यासमोर नुसते पोहे खाल्ले. आणि आपण सिद्ध करून दाखवते म्हणून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला आणि फुंकलं. आयुष्यात चर्चमधल्या वाईनच्या पलीकडे न गेलेली बाई. लाल.

यावरून शहाण्या माणसाने काय ओळखलं असतं? मी ओळखलं की मायलेक दोघं मिळून पितात.

"बाजूला व्हा मम्मी," मी म्हटलं, "न पिणाऱ्या माणसाची फुंकर कशी असते ते दाखवते." जॉयलला कडेवर घेऊन मी आत बसले आणि अशी फुंकले की सगळ्या गल्लीला कळावं. हिरवा. गाडी चालू करा म्हणून मशीनने आवाजही दिला. पण चालवणार कोण? मी अजून शिकाऊ, एल बोर्डवर. मी ल्यूककडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही, पण त्याने माझ्याकडे बघणं सोडलं.

"सॅन्ड्रा," तो म्हणाला, "मी थेंबसुद्धा घेतला नाही."

खांबाच्या दिवशीही हेच म्हणाला होता.

प्रज्ञेशने आम्हाला त्याच्या गाडीने पोचवलं. वाटेत तो बिचारा एकटाच हवामानावर बोलत राहिला. चर्चमध्ये फादरनी विचारलं, सैतानाला नाकारता का. ल्यूक हळूच "आय डू" म्हणाला. मी इतक्या जोरात म्हणाले की जॉयल दचकून रडायला लागला. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा पोर शांत झालं, मी रडत होते. लोकांना वाटलं आनंदाने. मी मनात वसईचं तिकीट काढत होते आणि आईच्या घरात पाळणा कुठे बांधायचा ते बघत होते.

पार्किंगमध्ये मी जॉयलच्या गॉडफादरना, मार्सेलिन अंकलना, सगळं सांगितलं. अंकल आमच्यात मोठे. त्यांनी घरी येऊन पंचवीस माणसांदेखत बॅकयार्डात ल्यूकला उभं केलं आणि तासभर झाडलं: बाप कसा असावा, मुलाने काय बघावं, दारूने किती घरं गेली. (बोलता बोलता ते मधूनमधून आपल्या गाडीकडे जात होते. डिकीत त्यांची एस्की, म्हणजे बर्फात बाटल्या ठेवायची पेटी होती. आमच्या घरी दारू नसते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते सोय करून आले होते.) ल्यूकने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. हे मला जास्त लागलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

मग तो स्वयंपाकघरात आला. मी तेलासमोर उभी होते. जॉयल रडत होता, मी म्हटलं, घे त्याला.

"नको. तूच घे," तो म्हणाला. "माझा भरवसा नाही."

मी वळून बघितलं.

"मला आठवत नाही गं कधी घेतली. पण मशीन कशाला खोटं बोलेल? आणि मम्मीपण... मी तिलाही पाजली असेल. पूर्वीही मला आठवायचं नाही." त्याचे हात पँटच्या खिशात होते, बाहेर काढायला भीत असल्यासारखे. "तू जा वसईला. मी अडवणार नाही."

एवढं बोलून तो बाहेर कपड्यांच्या दोरीखाली जाऊन बसला. मी दोन वर्षं हेच तर म्हणत होते, की याने एकदा कबूल करावं. कबूल केलं, तर मला माझ्या हाताखालच्या फुगिया जळताना दिसेनात.

फुगिया संपल्या. पंचवीस माणसं असली की इंद्याल कुणी एकटं खात नाही. मी दुसऱ्या घाण्यासाठी पीठ कालवायला घेतलं आणि लाँड्रीच्या कपाटात हात घातला. टॉवेल होता. बाटली नव्हती.

मी कपाट रिकामं केलं. वॉशिंग मशीनच्या मागे बघितलं. मग का कोण जाणे, बाहेर जाऊन रिकाम्या बाटल्यांचा पिवळ्या झाकणाचा बिन उघडला. वरच होती. गळ्याला लाल रबरबँड. मी वास घेतला. खात्री पटेना, म्हणून बिनशी उभी राहून तळाला राहिलेला घोट तोंडात घेतला. प्रज्ञेश नेमका तेव्हाच कचरा टाकायला आला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि कचरा परत घेऊन गेला.

बियर होती. खरी. गरम पाण्याच्या टाकीशेजारी, टॉवेलात गुंडाळून, मी माझ्या हाताने केलेली.

मी त्याच्यावर पंचवीस माणसांदेखत आळ घेतला होता, म्हणून पंचवीस माणसांदेखतच जाऊन उभी राहिले, हातात बाटली घेऊन. ल्यूकला विचारलं, ही कुठे मिळाली. तो म्हणाला, सकाळी शर्ट शोधताना कपाटात दिसली. मला वाटलं, दमलेली आहेस, फ्रिजऐवजी तिथे ठेवलीस. थंड केली आणि पोह्यांनंतर घेतली. मम्मीला गॅस झाला होता, अर्धा ग्लास तिला दिली.

"ती झिरो राहिली नव्हती, ल्यूक. मी त्यात यीस्ट आणि साखर घातली होती, पिठासाठी. तिची बियर झाली."

त्याने बाटलीवरचं शून्य वाचलं.

"म्हणजे मला आठवतंय तेवढंच झालं?" त्याने विचारलं. "एकच बाटली?"

"तेवढंच."

त्याने खिशातून हात काढले, सासूबाईंकडून जॉयलला घेतलं आणि घरात गेला. मी मागे गेले तर बेडरूमचं दार लावलेलं होतं. आतून पोराला झोपवताना म्हणतात तसं काहीतरी ऐकू येत होतं, पण त्यात गाणं नव्हतं, हुंदके होते.

सासूबाई मात्र आपण खरी दारू प्यालो हे कळल्याबरोबर सोफ्यावर आडव्या झाल्या. म्हणाल्या, डोकं फिरतंय, भिंत हलतेय. पिऊन पाच तास झाले होते. त्यांना लिंबूपाणी देऊन झोपवावं लागलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं इंटरलॉकच्या ऑफिसात गेलो. समोरच्या बाई चांगल्या होत्या. मी फुगियांपासून सांगायला सुरुवात केली. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, नवऱ्याचा फोटो ठीक, आजींचा फोटोपण एक वेळ समजू शकते. मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली. त्यात मी, कडेवर बाप्तिस्म्याच्या झग्यातलं बाळ, गाल फुगवून फुंकतेय, डोळ्यांत खून. त्यांनी शांतपणे विचारलं की नवरा दोनदा फेल झाल्यावर न प्यालेल्या माणसाने येऊन फुंकायचं, याला तुमच्याकडे काय म्हणतात? गाडी हललीच नव्हती, म्हणून मोठी केस टळली. इंटरलॉक मात्र सहा महिने पुढे गेलं. व्हॅन दुसऱ्याला मिळाली. ल्यूक आता कंपनीच्या गोदामात बसून नटबोल्ट वेगळे करतो. मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त झिरो बियरही सोडली. नळाचं पाणी पितो, आणि पिण्याआधी ग्लास माझ्यापुढे धरतो. वास घ्यायला. मी घेते. सवय जात नाही.

बाकी बातमी माझ्याआधी पोचली. सिडनीकडच्या, टूनगॅबीच्या नणंदेने फोन करून विचारलं, घरी बियर करायला लायसन्स लागतं का गं. वसईहून आई रडत म्हणाली, "दूध पाजतेस ना अजून? मग निदान दारू विकायचं तरी बंद कर." आणि परवा दुपारी मार्सेलिन अंकल दारात. तेच. हातात पिशवी, पिशवीत धुतलेल्या रिकाम्या बाटल्या. ल्यूक घरात आहे का बघून हळूच म्हणाले, सॅन्ड्रा, आमच्याकडे नाताळला फुगिया करायच्या म्हणतोय, आंबवण जरा जास्तच लागेल, पीठ नसलं तरी चालेल.

म्हणून हे लिहिलं. वाचाल त्यांनी एवढं करा. वेरिबीत, क्रेगीबर्नला, सिडनीला, जमलं तर वसईतही, ओळखीच्या प्रत्येक घरात सांगा: सॅन्ड्रा दारू गाळत नाही, तिने फक्त फुगियांचं पीठ आंबवलं होतं. आणि ऑर्डर घेत नाही. ज्यांनी आगाऊ बाटल्या आणून ठेवल्यात त्यांनी त्या घेऊन जाव्यात, गराजमध्ये जॉयलची प्रॅम ठेवायला जागा उरलेली नाही.