चेहरा जुळत नाही

कंपनीच्या गेटवरच्या हजेरीच्या मशीननं ऋतिकचं तोंड न्याहाळलं आणि सांगितलं, "चेहरा जुळत नाही."

"सोनबाकाका, मीच हाय की," ऋतिक म्हणाला.

गेटवरचे सोनबा त्याच्याच गावचे. "आरं, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. पण मी वळखून काय उपेग? हजेरी मशीन लावतं."

मशीननं हजेरी लावली नाही की माणूस गैरहजर, मग तो समोर उभा राहून घाम पुसत का असेना. आणि सहा महिन्यांनी ऋतिक पर्मनंट व्हायचा होता. गैरहजेरी वाढली, तर यादीतून नाव जाणार होतं. चाकणमध्ये एकदा हुकलेली पर्मनंट नोकरी परत चालून येत नाही.

तोंडाचं असं झालं होतं. ऋतिकला सीलिअॅक, म्हणजे गव्हाशी उभं वैर. गहू पोटात गेला की आतड्यांची वाट लागते. बिचाऱ्यानं चपाती, पाव, शेवया सगळं सोडलं. कॅन्टीनमध्ये सगळे पुरी-भाजी हाणत असताना हा घरची बाजरीची भाकरी मोडत बसे. तरी जुलाब थांबेनात. शेवटी चिंचवडच्या डॉक्टरांनी स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप उडाली, पित्त खवळलं, पोट गच्च झालं आणि तोंड टम्म फुगलं. गावातली माणसं मात्र म्हणायची, "पोरगं आता अंग धरतंय."

पोट गच्च झालं की त्याची आई रंभाबाई ताकात चांगला सढळ हिंग घालून द्यायची. "हिंगासारखं औषिद न्हाई बाळा." ताक प्यायलं की जुलाब वाढत. जुलाब वाढले की डॉक्टर गोळी वाढवत. गोळी वाढली की तोंड फुगे, पोट पुन्हा गच्च होई आणि रंभाबाई पुन्हा हिंगाची डबी काढी.

ऑफिसातल्या तनुजा मॅडमनी मशीनमधला त्याचा जुना फोटो पुसून नवा घातला. पंधरवड्यात मशीननं तोही नाकारला. मॅडमनी हात जोडून आणखी एक घातला. "ऋतिक, हा शेवटचा. यापुढं हेड ऑफिस परवानगी देणार नाही. कृपा कर, आता हाच चेहरा ठेव."

डॉक्टरही वैतागले होते. "घरात याच्या पोटात जे जे जातं, ते सगळं घेऊन या."

रंभाबाईनं पिशवीभर डबे नेले. डॉक्टरांनी हिंगाची डबी फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. "मावशी, यात गव्हाचं पीठ आहे."

"हिंगात गहू?"

"नुसता हिंग फार उग्र असतो. म्हणून पीठ मिसळतात."

रंभाबाईनं डबी परत हातात घेतली. "म्हंजी माझ्याच हातानं इख घातलं व्हय लेकराला." ती तिथंच रडली, आणि ऋतिकला तिच्यावर रागावताही येईना.

हिंग बंद झाला. जुलाब थांबले. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. ऋतिकला झोप लागू लागली. सूज उतरून जुनं निमुळतं तोंड वर आलं, तशी रंभाबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढली.

पर्मनंटची यादी लागायच्या आठवड्यात तो मशीनपुढं उभा राहिला.

"चेहरा जुळत नाही."

"लई बरा दिसतुयास रं," सोनबा कसनुसं हसत म्हणाले.

ऋतिकला रडू फुटायचंच बाकी होतं. त्यानं बाजूला जाऊन घरी फोन लावला. "आये, बरा झालो म्हणून मशीन पुन्हा वळखंना. नोकरी जाती बघ आता."

पलीकडून डब्यांची खडखड ऐकू आली. मग रंभाबाई हळूच म्हणाली, "हिंगाची डबी अजून टाकली न्हाई मी."