न गळणारं छत

"स्वतःच्या निरोपालाही ही बाई स्वतःच परवानगी देणार की काय!" झेरॉक्स मशीनच्या आडोशाला रिसेप्शनिस्ट साहेबांच्या कानाशी पुटपुटली.

तिचंही खोटं नव्हतं. त्या ऑफिसात टाचणीसुद्धा मॅनेजरबाईंच्या सहीशिवाय हलत नसे. मीटिंग रूम हवी? रजिस्टरात कारण लिहा. बाई वाचणार, चष्म्यावरून बघणार, मग किल्ली. एकतीस वर्षांचा शिरस्ता. आज बाई निवृत्त होणार होत्या, पण महिनाभर तो विषय कोणी काढला नव्हता. बाईंनीही नाही. किल्ल्यांची यादी मात्र त्यांनी तीनदा फाडून नव्याने लिहायला घेतली होती.

चार वाजता बाईंच्या नकळत मीटिंग रूममध्ये निरोप समारंभ करायचा, तर रजिस्टरात लिहायचं काय? साहेबांनी डोकं खाजवून लिहिलं, 'छत गळते, पाहणी.' आणि तिथेच माशी शिंकली.

बाईंनी लगेच प्लंबरला फोन लावला, वीस खुर्च्या बाहेर काढवल्या, आत दोन बादल्या ठेवल्या.

"अहो बाई, थेंबभरच गळतंय हो," साहेब चाचरले.

"थेंब का असेना! गळक्या खोलीत कोणी बसायचं नाही. नियमाखाली सही तुमचीच आहे."

चार वाजता केक आला. दाराशी खुर्ची टाकून बाईच बसलेल्या.

"हे काय गं?"

"माझा वाढदिवस," रिसेप्शनिस्टने ठोकून दिलं.

"तुझा थंडीत असतो. फाइल माझ्याकडेच आहे."

आत प्लंबर तासभर कोरड्याठाक छताकडे मान मोडेपर्यंत बघत होता. रिकाम्या हाताने परत कसं जायचं, म्हणून त्याने एक धडधाकट पाइप जरा आवळला. पाइप फुटला. दाराखालून पाण्याचा लोट आला.

"मेन कॉक कुठंय?" तो आतून ओरडला.

साहेबांनी रिसेप्शनिस्टकडे पाहिलं. तिने केककडे. बाई उठल्या, जिन्याखालच्या कपाटामागे कोपरापर्यंत हात घातला आणि कॉक बंद केला.

"बाई," रिसेप्शनिस्ट म्हणाली, "उद्या असं झालं तर आम्ही हाक कुणाला मारायची?"



साहेबांनी घसा खाकरला. "चूक माझी. छत गळत नव्हतंच."

"ठाऊक होतं मला. गेल्याच वर्षी समोर उभी राहून दुरुस्त करून घेतलंय."

"मग प्लंबर कशाला बोलावलात?"

बाई किल्ल्यांचा जुडगा चाचपत राहिल्या. "एकतीस वर्षांत खोटं काम कधी काढलं नाही हो. आज काढलं, आणि चांगला पाइप घालवून बसले. म्हटलं, खोली बंद राहिली, तर आजचा निरोप उद्यावर जाईल."

"पण का, बाई?"

"मला जायचं नाहीये, साहेब."