सँडरिंगहॅमच्या फोडणीची मोहीम

“वसू, सवाष्णींना स्वतः रांधून वाढ, गरम वाढ. बाहेरचं आणलंस तर ते उद्यापन नव्हे, पार्टी!” ऐसी आज्ञा सासूबाई आशालताबाई यांनी विमानतळावर केली, ती शिरी धरून वसुंधराबाई ऑकलंड मुलखी नांदत होत्या. शके १९१८, धातानाम संवत्सरी, श्रावणमासी, ज्या समयी त्या मुलखी कडाक्याची थंडी असते, सोमवारचे व्रत पुरे होऊन उद्यापन समीप आले, तेव्हा जे वर्तले ते येणेप्रमाणे.

घर लहान, सवाष्णी सहकुटुंब येणार, सबब मराठी मंडळ भाड्याने घेत असे ते सँडरिंगहॅम पेठेचे सभागृह हेच रणक्षेत्र मुक्रर जाहले. परंतु तेथे फोडणीस मनाई. आणि मनाई करणारा गनीम परका नव्हे, बाईंचे यजमान, मंडळाचे अध्यक्ष जगदीशराव! सभागृहाच्या टोपीकर मॅनेजरबाईंस मोहरीचा वास सोसेना. त्यांनी भांडण मांडिले नाही. जगदीशरावांस किल्लीची मनसब दिधली, आणि दारालगत गाडी लावण्यास राखीव जागा बहाल केली, आणि मग राव आपल्याच लोकांस फर्मावू लागले की हिंगमोहरी चालणार नाही, सँडविच चालेल.

वसुंधराबाई जात्या हळू बोलणाऱ्या. “अहो, एकच दिवस,” ऐसा अर्ज गुदरला. “वसू, माझ्या पोझिशनचा विचार कर,” ऐसा हुकूम आला. बाईंनी देवापुढे निरांजन लाविले आणि कुंपणापाशी जाऊन शेजारीण माहगंजबीबी, बलुची डोंगरांतून लेकाकडे आलेली वृद्धा, तिजला हिंदीत दुःख कथिले.

बीबी हसून वदली की हे तर आमच्या मुलखाचेच वर्तमान. पूर्वी टोपीकर घाट चढून आले, तोफा आणिल्या, आणि बलुच हटेनात. मग साहेबाने मसलत फिरविली. सरदारास तनखा बांधिला, खिलतीची मानवस्त्रे दिधली, दरबारी खुर्ची दिधली, आणि त्याच्याच टोळीचे जवान पगारी नेमून घाटाच्या चौकीवर बसविले, आणि मग आमची पंचायत, जिर्गा, तीही साहेब म्हणेल तेव्हा भरू लागली. तोफांचे काम सरले. साहेबाच्या मनीचे सरदारच बोलू लागला.

“माझा आजा त्या खुर्चीमागे उभा होता, बेटी. आपला सरदार बसलेला पाहून त्याला आधी अभिमानच वाटला. तेच वाईट झालं.”

बाई चपापल्या. राखीव जागेचा फोटो त्यांनीच हौसेने पुण्यास सासूबाईंकडे धाडिला होता.

मग बीबीने तोड सांगितली. आमच्यात बायका जमून दाराशी आल्या आणि ओढणी पायाशी अंथरली की वैर सोडावेच लागते, नाही म्हणणाऱ्याचे तोंड कोणी पाहत नाही. अडचण इतुकीच की गनिमाचे दार ते बाईंचेच दार. सबब शनिवारी बाई मागील दाराने निघाल्या, आणि बीबी व मैत्रीण नीलांबरीबाई यांची कुमक घेऊन, भर पावसात वळसा घालून, पुढील दारी येऊन घंटी दाबिली.

जगदीशराव शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे त्या मुलखीच्या रबरी चपला, ऐशा दरबारी पोशाखात प्रकटले.

“वसू? चावी विसरलीस?”

“मी आत्ता घरची नाही. दाराशी आलेली बाई आहे.”

“नीलांबरी, हे काय चाललंय? आत या, गारठा शिरतोय.”

“उत्तर मिळाल्याशिवाय नाही, अध्यक्षमहाराज. आणि लवकर द्या, पाय गोठले माझे.”

बीबीने ओढणी काढून उंबऱ्यावर, रावांच्या जँडल्सपुढे अंथरली. रावांनी खाली वाकून ती उचलली, झटकली, आणि बीबीच्या हाती दिधली.

“कर फोडणी,” ते बाईंस म्हणाले. “आणि किल्ली मी परत देतो. आपल्याच माणसांवर कसला पहारा करायचा!”

“कब?” बीबीने पुसले.

“सोमवारीच, बीबी. शब्द दिला.”

सोमवारी सायंकाळी सभागृही कढई चढली, मोहरी तडतडली, हिंगाचा दरवळ रस्त्यापावेतो गेला, आणि सवाष्णींच्या पानी वाफाळते वरण पडले, आणि ओट्या भरल्या, आणि व्रत सांग होऊन वसुंधराबाईंची फत्ते जाहली, ती दफ्तरी कायम केली असे.

पाहुणे गेले, ओटा पुसला, दार लागले. जगदीशरावांनी गाडीची चावी बाईंच्या हाती ठेविली, सभागृहाची किल्ली मुठीत धरिली, आणि पावसातून पायीच, मॅनेजरबाईंच्या घराकडे चालू लागले.